माटोळीतले विष

वनस्पतिजन्य विषाविषयी कोणी लिहावयास बसला म्हणजे त्याची लेखणी बहुधा राजवाड्याकडे वळते. विषकन्या, मुदपाकखान्यावर नेमलेले विश्वासू चाकर, अन्नाची परीक्षा करण्यासाठी पाळलेले पक्षी यांच्या कथा सांगून झाल्या की विषयाची इतिश्री झाली असे मानण्याची आपल्याकडे वहिवाटच पडून गेली आहे. परंतु डिचोली महालातील साखळीसारख्या गावी, जेथे उशाशी वाळवंटीचे पात्र आहे, हाकेच्या अंतरावर हरवळ्याचा धबधबा आणि त्याची प्राचीन लेणी आहेत, आणि पूर्वेस पाऊल टाकले की सत्तरीचे रान सुरू होते, तेथे विष कुंपणावर उगवत होते, पाणवठ्याच्या वाटेवर फुलत होते, आणि देवाच्या निर्माल्यातही पडत होते. अशा विषाच्या शेजारी पिढ्यानुपिढ्या सुखरूप नांदलेल्या कुळवाड्यांनी, गुराख्यांनी आणि घरच्या बायाबापड्यांनी आपले ज्ञान कोठे जपून ठेवले, असा प्रश्न मला पुष्कळ दिवस पडलेला होता. कारण सरकारी दप्तरात त्याची नोंद नाही आणि गावच्या कोणा वैद्याने त्याची पोथी लिहून ठेवल्याचेही ऐकिवात नाही. माझे मत असे झाले आहे की या ज्ञानाचे खरे दप्तर भाद्रपद शुद्ध चतुर्थीला घराच्या छपराशी टांगले जात असे.

शास्त्रग्रंथांचा आधार आधी पाहून घेऊ. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात स्थावर विषाची दहा अधिष्ठाने सांगितली आहेत. मूळ, पान, फळ, फूल, साल, चीक, गाभा, डिंक आणि कंद ही वनस्पतींची नऊ, आणि दहावे खनिज धातूंचे. पुढे शार्ङ्गधराने सात उपविषांची गणना केली, ती रुई, निवडुंग, धोतरा, कळलावी, कण्हेर, गुंज आणि अफू अशी. यांतील अफू ही व्यापारी गलबतांवरून येणारी वस्तू असल्यामुळे ती बाजूस ठेवली, तर उरलेल्या सहांच्या शोधार्थ साखळीकरास घरापासून फार दूर जावे लागत नाही. रुई आणि धोतरा पडीक जागेत, निवडुंग वईला, कण्हेर अंगणात, कळलावी पावसाळी झुडपांवर चढलेली, आणि गुंजेचा वेल रानाच्या कडेला. त्यातही गुंजेचा लौकिक असा की ९६ गुंजांचा एक तोळा या हिशेबाने सोनाराच्या तागडीत तिने शतकानुशतके प्रामाणिकपणाची चाकरी केली, आणि त्याच दाण्यांचा लगदा करून, त्याच्या टोकदार सुया वाळवून, कातड्याच्या लोभाने दुसऱ्याची गुरे मारण्याचा अघोरी धंदाही एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानच्या अनेक मुलखांत चालला. अखंड दाण्याचे कवच कठीण असते, म्हणून तो लहान मुलांच्या खेळात पुष्कळदा निभावून जातो. कवच फुटले किंवा चावले गेले की मात्र तो निभावत नाही.

आता गणेशाच्या पूजेतील एकवीस पत्रींची यादी डोळ्यांसमोर आणावी. दूर्वा, बेल, शमी, आघाडा, माका, डोरली, तुळस, केवडा अशा निरुपद्रवी मंडळींच्या पंक्तीला त्या यादीत धोतरा बसलेला आहे, रुई बसलेली आहे आणि कण्हेरही बसलेली आहे. म्हणजे शार्ङ्गधराच्या सात उपविषांपैकी तीन आपण दरवर्षी स्वहस्ते खुडून, मंत्र म्हणून, देवाच्या चरणी वाहतो. याचा अर्थ लावताना पुराणातील हलाहलाची कथा सांगून मोकळे होता येते, आणि हरवळ्याच्या रुद्रेश्वरास महाशिवरात्रीला धोतरा का वाहतात या प्रश्नास ते उत्तर पुरेसेही आहे. परंतु घरातील व्यवहार पाहिला तर आणखी एक गोष्ट लक्षात येते. पत्री गोळा करण्याचे काम बहुधा मुलांकडे असे, आणि मुलांबरोबर कोणी तरी आजी, काकी किंवा मोठी बहीण असे. धोतऱ्याचे पान तोडले की पाठोपाठ आज्ञा होई, "आधी हात धू रे, मग डोळे चोळ." ज्याने ती मोडली त्याच्या डोळ्याची बाहुली मोठी होऊन दिवसभर त्याला उजेड सोसत नसे आणि जवळचे अक्षर दिसत नसे; धोतऱ्यातील अॅट्रोपीन नावाचे द्रव्य बाहुली आवळणाऱ्या स्नायूला सैल करते, हे कारण पाश्चात्त्य रसायनशास्त्राने पुढे सांगितले, पण परिणाम घरोघर ठाऊक होता. जे पान हाताने तोडावयाचे, नाव घेऊन वाहावयाचे आणि तोंडात मात्र कदापि घालावयाचे नाही, त्याची ओळख दरसाल एकदा पक्की होत असे. यापेक्षा बरी शाळा मला तरी ठाऊक नाही.

पत्रीहून मोठा संग्रह म्हणजे माटोळी. गणपतीच्या मखरावर लाकडी पट्ट्यांची चौकट आडवी टांगून, तिला केवणीच्या वाखाने नारळ, सुपाऱ्यांचे घोस, तोरिंगणे, केळी, भोपळे, काकड्या आणि त्यांच्या बरोबरीने रानातील फळे, फुले, शेंगा व कंद बांधण्याचा हा रिवाज गोव्यात सर्वत्र आहे, आणि तेरेखोल नदी ओलांडून सावंतवाडीच्या बाजूस गेले तरी माटवी या नावाने तो भेटतोच. चतुर्थीच्या आदल्या दोनतीन दिवसांत डिचोली-साखळीकडच्या बाजारात सत्तरीच्या बायका डोक्यावरून पाट्या आणून रस्त्याच्या कडेला बसतात, आणि त्या पाट्यांत पाहिले तर बागायतीच्या मालापेक्षा रानाचाच माल दृष्टीत भरतो. त्यांत पिवळ्या बोंडांची कांगणे असतात, वाजणाऱ्या शेंगांच्या घागऱ्या असतात, पांढऱ्या पानांची शेरवडे असतात. आणि सर्वांत उठून दिसतात ती कवंडळे, लिंबाएवढी, तांबडीभडक, अंगावर नारिंगी रेघा ओढलेली, पाहताच उचलून दाताखाली धरावी अशी. कवंडळ आतून जहाल कडू असते आणि पोटात गेले तर जुलाबांनी माणसास लोळवते. तरी माटोळीत त्याचे स्थान दर्शनी बाजूस असते, आणि ज्या घरात ते नाही त्या घरची माटोळी पाहुण्यांना अपुरी वाटते.

चौकट टांगली जाते ती डोक्याच्या वर, मुलांच्या हातास लागणार नाही अशा उंचीवर. घरात आलेला प्रत्येक पाहुणा मान वर करून तिच्याकडे पाहतो, हे काय, ते काय, हे कोणत्या डोंगरावरून आणले, असे विचारतो, आणि यजमान एकेका वस्तूचे नाव सांगतो. नुसते नाव नव्हे, तर हे खातात, हे औषधाला लागते, हे नुसते शोभेचे, असा तपशीलही त्यात येतो. विसर्जनानंतर माटोळी उतरवली जाते, तेव्हा नारळ, काकडी, केळी यांची वाटणी होते आणि कवंडळे बाहेर पडतात. खाद्य आणि अखाद्य यांची अशी जाहीर निवड घरातील सर्वांच्या देखत होत असे. या रिवाजाचा मूळ हेतूच विषपरीक्षा होता असा दावा मी करणार नाही, कारण तसे म्हणणे म्हणजे आपल्या पूर्वजांच्या प्रत्येक कृतीत प्रयोगशाळा शोधण्याच्या हल्लीच्या हौसेस बळी पडणे होय. निसर्गाने पावसाळ्यात जे दिले ते सर्व देवापुढे मांडावे, एवढीच भावना मुळाशी असावी. पण "सर्व" म्हटल्यावर त्यात विषारीही आले, आणि ते आले म्हणूनच त्याचे नाव टिकले.

पोर्तुगीज अंमलाचा या कथेशी संबंध थोडा वाकडा आहे. जुन्या काबिजादींत, म्हणजे तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी या महालांत, मूर्तिपूजेवर कडक निर्बंध आले, आणि त्या काळाची खूण म्हणून गोव्यातील काही घराण्यांत आजही मातीच्या मूर्तीऐवजी कागदावरील चित्र किंवा नुसती पत्रीच पुजली जाते. साखळी, डिचोली, सत्तरी, पेडणे हा मुलूख तेव्हा आदिलशाही, मराठे आणि वाडीकर भोसले यांच्या हातून फिरत राहिला; फोंड्यापासून पेडण्यापर्यंतचा हा पट्टा पोर्तुगीजांकडे गेला तो १७६३ ते १७८८ या पंचवीस वर्षांत, नव्या काबिजादी म्हणून, आणि तोवर त्यांच्या धर्मवेडाची धार पुष्कळ बोथट झाली होती; नव्या रयतेच्या चालीरीतींस हात लावणार नाही असे आश्वासन त्यांना द्यावे लागले. म्हणूनच की काय, माटोळीची परंपरा याच मुलखात सर्वांत दाट राहिली.

परंतु गोव्यातील विषारी वनस्पतींविषयी छापील अक्षर पहिल्याने उमटले ते पोर्तुगीजांच्याच हातून, हेही नाकारता येत नाही. १५३४ साली गोव्यात आलेला गार्सिया द ओर्ता हा वैद्य इथल्या औषधी द्रव्यांवर संवादरूपाने एक ग्रंथ लिहून गेला, आणि तो १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात धोतऱ्यावर एक स्वतंत्र संवाद आहे; घरच्या दासीने मालकिणीस अन्नातून धोतरा चारला आणि दागिने घेऊन पोबारा केला, आणि वैद्य येऊन पाहतो तो बाई कशासही धड उत्तर न देता नुसती हसत आहे, असा प्रसंग त्याने रंगविला आहे. धोतऱ्याने आलेला भ्रम ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे वर्णन अगदी जवळून केलेले आहे हे तत्काळ पटेल. ओर्ताच्या ग्रंथात मालुपा नावाचा एक हिंदू वैद्यही पात्र म्हणून येतो, आणि ओर्ताला इथल्या झाडपाल्याची माहिती अशा देशी वैद्यांकडूनच मिळाली याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेल्या लिन्शोटेन या डच गृहस्थानेही धोतऱ्याविषयी लिहिले, पण त्याला बायका नवऱ्यांना तो चारून कशा गुंगवतात याच्या बाजारगप्पांत अधिक गोडी वाटली. परदेशी प्रवाशांची ही खोड जुनी आहे. ओर्ताच्या नशिबी मात्र निराळेच आले. तो १५६८ साली वारला, आणि त्याच्या यहुदी कुळाचा ठपका ठेवून धर्मसमीक्षण सभेने १५८० साली त्याच्या अस्थी उकरून जाळल्या.

देशी वैद्यांवरही सरकारची दृष्टी सरळ नव्हती. १६१८ साली गोवा शहराच्या नगरसभेने वैद्यकीस परीक्षेची अट घातली आणि हिंदू वैद्यांची संख्या तीसवर आणून ठेवली. गंमत अशी की खुद्द पोर्तुगीज उमराव दुखणे आले की याच वैद्यांना बोलावणे धाडीत. पुढे कोचीनच्या डच अंमलदाराने, व्हान ऱ्हीडने, मलबारच्या वनस्पतींचा जो बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात प्रसिद्ध केला, त्याच्या आरंभी रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट या तीन कोंकणी वैद्यांनी १६७५ साली दिलेली साक्ष नागरी अक्षरांत छापलेली आहे. गोव्याकडून दक्षिणेस गेलेल्या समाजातील ही माणसे होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डॉ. दालगाद यांनी गोवा आणि सावंतवाडी या दोन्ही मुलखांतील औषधी, खाद्य व उद्योगोपयोगी वनस्पतींची पद्धतशीर सूची रचली, ती १८९८ साली लिस्बन येथे निघाली. दोन सरकारांच्या जकातनाक्यांनी तोडलेल्या रानाला एकाच पुस्तकात बसविण्याचा त्यांचा विवेक मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण पेडण्याच्या काजऱ्याला आपण कोणत्या सरहद्दीत उभे आहोत हे कधीच ठाऊक नव्हते.

काजऱ्याचा उल्लेख आला तो बरा झाला, कारण या मुलखातील सर्वांत दगाबाज झाड तेच. मध्यम उंचीचे, गुळगुळीत चकचकीत पानांचे. पान हातात घेऊन देठापाशी पाहिले तर तीन किंवा पाच ठळक शिरा तळापासूनच फुटून टोकाकडे गेलेल्या दिसतात, आणि पाने फांदीवर समोरासमोर जोडीने येतात. फळ पिकले की हुबेहूब लहान संत्रे. आत पांढरा बुळबुळीत गर, आणि त्या गरात कोटाच्या बटणासारख्या चपट्या, राखी, रेशमी लव असलेल्या बिया. याच बाजारातल्या कुचल्याच्या बिया, ज्यांच्यापासून स्ट्रिक्नीन निघते. हे विष मज्जारज्जूतील आवर घालणारी यंत्रणाच बंद पाडते, त्यामुळे दाराची कडी वाजली, कोणी हात लावला, एवढ्या निमित्तानेही सर्व स्नायू एकदम ताठरतात आणि रोगी शुद्धीवर असूनच धनुष्यासारखा वाकतो. रानातील पाखरे जे खातात ते माणसास चालते, हा गुराखी पोरांचा आवडता नियम काजऱ्यापाशी साफ कोसळतो. धनेश पक्षी काजऱ्याची फळे आवडीने खातात आणि त्यांना काही होत नाही.

काजऱ्याची खरी भीती मात्र फळाची नाही, सालीची आहे. सातविणीच्या सालीचा काढा तापावर देण्याची चाल कोकणपट्टीत जुनी आहे, आणि हिंवतापाने गांजलेल्या नव्या काबिजादींत तर तिला फार मान होता. दक्षिणेस तुळू मुलखात आषाढातील अमावास्येला पहाटेच्या अंधारात, लोखंड न लावता दगडाने सातविणीची साल काढून तिचा काढा घरातील सर्वांनी घेण्याचा रिवाज आहे. आणि अंधारात सातविणीऐवजी काजऱ्याची साल आणली गेल्यामुळे अनर्थ घडल्याची उदाहरणे असल्याने तिकडचे वैद्य लोकांस वारंवार सावध करतात. दोन्ही झाडांची साल वाळल्यावर सामान्य माणसास ओळखू येणे कठीण, पण उभ्या झाडाची परीक्षा सोपी आहे. सातविणीची पाने एका पेरावर चक्रासारखी, बहुधा सात, निदान चार तरी येतात, आणि पान मोडताच पांढरा चीक येतो. काजऱ्याची पाने दोन-दोन, आणि चीक मुळीच नाही. जिने साल आणली तिने पान पाहिले होते काय, हा प्रश्न काढा उकळण्यापूर्वी विचारावयाचा असतो.

विषाशी सलोखा करण्याची दुसरी जागा म्हणजे स्वयंपाकघर. श्रावणात रानात उगवणारे तेरें चिरताना हाताला खाज आणते आणि नीट न शिजल्यास घसा धरते, कारण त्यात सूक्ष्म सुयांसारखे स्फटिक असतात; म्हणून हाताला खोबरेल लावून ते चिरावयाचे, भरपूर शिजवावयाचे आणि आंबाडा किंवा भिंडाची सोले घातल्यावाचून चुलीवरून उतरवावयाचे नाही, हा दंडक घरोघर पाळला जातो. उत्तर कोकणात शेवळाच्या भाजीत काकडाची फळे घालतात ती याच न्यायाने. रानातला कडू कारांदा तर राख घालून उकडल्यावर काप करून वाहत्या पाण्यात ठेवण्याची रीत सह्याद्रीच्या डोंगरकुशीतील लोकांत आहे. पण कोणता कंद किती उकडावा हे त्या हातांनाच ठाऊक असते, आणि लेख वाचून तो प्रयोग कोणी करू नये. अळम्यांचेही, म्हणजे भूछत्रांचेही, तसेच. रोयणीवर, म्हणजे वारुळावर, उगवणारी अळमी शतकानुशतके खाल्ली जातात, तरी भांड्यात चांदीचे नाणे टाकून ते काळे पडते की नाही यावरून विषारी अळमी ओळखण्याची जी युक्ती सांगतात, ती निव्वळ भ्रामक आहे. अत्यंत घातक अळमीही नाण्याचा रंग बदलीत नाहीत.

परंपरेचे एवढे गुणगान केल्यावर तिचे न्यून सांगणे भाग आहे. तिने ओळखले ते जुन्या विषांना. पोर्तुगीजांच्या गलबतांबरोबर अमेरिका खंडातून ज्या वनस्पती आल्या, त्यांतील काजू तर इथल्या अर्थकारणाचा आधार झाला, आणि त्याच्या कवचीतील तेलाने कातडी भाजते हे त्याच्या बिब्ब्याशी असलेल्या सोयरिकीमुळे लोकांना सहज उमगले. पिवळी कण्हेर तिकडूनच आली. तिला घरच्या कण्हेरीचे नाव मिळाले, देवळाच्या आवारात जागा मिळाली, फुले देवाला जाऊ लागली, पण तिच्या त्रिकोणी फळातील गर हृदयाची गती बिघडवतो ही जाणीव त्या नावाबरोबर पुरेशी रुजली नाही. मोगली एरंडाचे तर त्याहून वाईट. गुरे तोंड लावीत नाहीत म्हणून तो कुंपणाला लावला गेला, पण त्याला पत्रीत स्थान नाही, माटोळीत नाही, कोणत्या देवाला त्याचे फूल चालत नाही, आणि म्हणून त्याच्याविषयी मुलाला सांगण्याचा प्रसंगच वर्षात येत नाही. बी सोलले की आत पांढरे, चवीला भुईमुगासारखे. शाळेच्या कुंपणावरील मोगली एरंडाच्या बिया खाऊन मुलांना उलट्या-जुलाब सुरू झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रातील वर्तमानपत्रांत पुनःपुन्हा येतात त्या यामुळेच.

आता माटोळीच्या स्पर्धा होतात, गोवा सरकारचे कला व संस्कृती खाते त्यांना पारितोषिके देते, आणि त्या निमित्ताने शेकडो वस्तू एका चौकटीत बांधलेल्या पाहावयास मिळतात. पण डिचोली महालातील कित्येक डोंगर लोहखनिजासाठी खणले गेले, आणि बांधलेल्या जुड्यांत मिळणारी पत्री विकत घेणाऱ्या शहरी घरांत तिच्यातील धोतरा कोणता आणि डोरली कोणती हे सांगणारे माणूस उरलेले नसते. इस्पितळात डॉक्टरांचा पहिला प्रश्न नेमका तोच असतो, मुलाने काय खाल्ले. म्हणून असा प्रसंग आला तर पूर्वीच्या वैद्यांप्रमाणे मीठपाणी पाजून किंवा घशात बोटे घालून उलटी करविण्याच्या भानगडीत पडू नये, बेशुद्ध माणसाला पाणीही पाजू नये. तोंडातले उरलेसुरले काढून टाकावे, निवडुंगाचा किंवा शेराचा चीक डोळ्यात गेला असेल तर डोळा स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवावा, १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी, आणि ज्या झाडाचे खाल्ले त्याची फांदी, पाने व फळांसकट, पिशवीत घालून बरोबर न्यावी. पिवळ्या कण्हेरीचे बी पोटात गेल्यावर मूल काही तास हसतखेळत असले तरी त्याला घरी ठेवू नये, कारण नाडी मंदावते ती मागाहून.